उन्हाळा आणि इंग्रजीचा वर्ग : ऋतुविषयक अध्ययनकृतींचे स्वरूप व उपयोजन

प्रस्तावना

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी जे तयार अध्यापन-साहित्य उपलब्ध असते, त्यात ऋतूंवर आधारलेल्या कृतींना मोठे स्थान आहे. 'समर' या शीर्षकाखाली समुद्रकिनारा, वाळूचे किल्ले, पोहण्याचा तलाव, आइस्क्रीम, लिंबू सरबताची गाडी, उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारे मलम अशी चित्रे दिलेली असतात. चित्रांखाली शब्द जुळवायचे, रिकाम्या जागा भरायच्या आणि अखेरीस सुट्टी कशी घालवली यावर दहा ओळी लिहायच्या, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. या साहित्याचा उगम मुख्यतः अमेरिका व ब्रिटन या देशांत आहे. अमेरिकेत 'इंग्लिश लँग्वेज लर्नर' ही संज्ञा घरी इंग्रजी न बोलणाऱ्या, परंतु इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी वापरली जाते. अशा स्थलांतरित मुलाला तेथील तलाव, तेथील शिबिर आणि तेथील उन्हाळा यांचे शब्द खरोखरच लागतात, कारण शाळेबाहेर पडताच त्याला त्यांना सामोरे जावे लागते. शिवाय दीर्घ सुट्टीत विद्यार्थी शिकलेले विसरतात, ही तेथील शिक्षणक्षेत्राची जुनी चिंता आहे. हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन ही घसरण सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी असल्याचे दाखवले होते. उन्हाळी कृतिपत्रिकांमागे असे एक निश्चित कारण आहे.

हीच कृतिपत्रिका महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमातून आलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवली, की तिचे कारण नाहीसे होते आणि केवळ शब्दांची यादी उरते. मुळात महिनेच जुळत नाहीत. ब्रिटनमधील उन्हाळा जून ते ऑगस्ट हा आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या ऋतुविभागणीनुसार मार्च ते मे हा उन्हाळा आणि जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ आहे. कृतिपत्रिकेतील मुले जुलैच्या उन्हात वाळूत खेळत असतात, तेव्हा ती सोडवणारा विद्यार्थी चिखल तुडवत महाविद्यालयात आलेला असतो.

प्रस्तुत लेखाचा रोख या साहित्यावर टीका करण्याचा नाही. उन्हाळा हा विषय इंग्रजीच्या वर्गासाठी अत्यंत फलदायी आहे. मात्र तो विद्यार्थ्याचा स्वतःचा उन्हाळा असला पाहिजे. ज्या गोष्टीची माहिती विद्यार्थ्याला पुरेपूर आहे, पण जिला इंग्रजीत तयार शब्द नाही, अशा गोष्टीविषयी बोलण्याची वेळ आली की भाषेची खरी गरज निर्माण होते. वाळवण, माठ, आढी, टँकर यांच्याविषयी बोलताना विद्यार्थी जाणकार असतो आणि इंग्रजी त्याच्या हातातील साधन असते. समुद्रकिनाऱ्याच्या चित्रापुढे तो दोन्ही बाबतींत परका ठरतो.

या विचाराला शिक्षणशास्त्रात आधार नाही असे नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी 'टीचर' (१९६३) या पुस्तकात आपली पद्धत मांडली आहे. बाहेरून आलेल्या वाचनपुस्तकांतील शब्दांऐवजी प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा, त्याच्या मनात दडलेला शब्द विचारून तोच पत्त्यावर लिहून द्यायचा, आणि वाचनाची सुरुवात तेथून करायची, असे तिचे सूत्र होते. भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत राबवलेला आणि बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जाणारा प्रयोग याहून अधिक परिचित आहे. व्याकरणाच्या क्रमाने शिकवण्याऐवजी विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारी कामे द्यावीत, भाषा त्या ओघात येते, असे प्रतिपादन त्यांनी केले. 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' (१९८७) या ग्रंथात त्यांनी अशा कामांचे माहितीची तफावत, तर्काची तफावत आणि मताची तफावत असे तीन प्रकार सांगितले. पुढील विवेचनात हे प्रकार सोयीनुसार वापरले आहेत.

ऊन, सावली आणि उकाडा

कृतींकडे वळण्यापूर्वी उन्हाळ्याच्या शब्दसंग्रहातील एक अडचण लक्षात घ्यावी लागते, कारण पुष्कळ चुका तेथून उद्भवतात आणि त्या निष्काळजीपणाच्या चुका नसतात. मराठीतील 'सावली' या एका शब्दासाठी इंग्रजीत 'शेड' आणि 'शॅडो' असे दोन शब्द आहेत. ऊन न पोहोचणारी जागा ती 'शेड' आणि वस्तूची जमिनीवर पडणारी आकृती ती 'शॅडो'. 'आम्ही झाडाच्या सावलीत बसलो' याचे भाषांतर विद्यार्थी 'वी सॅट इन द शॅडो ऑफ अ ट्री' असे करतो, तेव्हा त्याची मराठी त्याला तसे करायला सांगत असते. फळ्यावर दोन व्याख्या लिहून हा भेद ठसत नाही. सकाळच्या सत्रात विद्यार्थ्यांना आवारातील कडुनिंबाखाली नेऊन सावलीची कड खडूने आखायला लावावी आणि तासिका संपताना ती पुन्हा पाहायला लावावी. 'शॅडो' सरकलेली असते, 'शेड'मध्ये बसलेले दोघे-तिघे उन्हात आलेले असतात, आणि या दोन्ही घटना सांगण्यासाठी वेगवेगळे शब्द वापरावे लागतात. वीस मिनिटांच्या या कृतीत 'मूव्ह्ड', 'श्रँक', 'लाँगर दॅन', 'नो लाँगर' ही रूपेही आपोआप येऊन जातात.

'ऊन' या शब्दाची गोष्ट उलट आहे. मराठीत हा एक शब्द जे काम करतो, ते इंग्रजीत 'सनशाइन', 'सनलाइट', 'हीट' आणि काही वेळा नुसता 'सन' असे चार शब्द वाटून घेतात. कोवळे ऊन, कडक ऊन, उतरते ऊन, ऊन लागणे, ऊन खाणे हे प्रयोग विद्यार्थ्यांकडून गोळा करून प्रत्येकाला इंग्रजीत काय म्हणता येईल हे गटांनी ठरवावे. 'उन्हात बसू नकोस' याला 'सन' चालतो, 'कपडे उन्हात वाळत घाल' यालाही तोच चालतो. पण 'या खोलीत ऊन येत नाही' म्हणताना 'सनलाइट' घ्यावा लागतो. 'ऊन लागले' याचे भाषांतर 'सन टच्ड हिम' असे झाल्यास वर्गात हशा पिकतो. त्या हशात कोणी एक विद्यार्थी एकटा पडणार नाही, एवढी काळजी अध्यापकाने घ्यावी. चूक मजेची असली तरी ती करणाऱ्याला ती तशी वाटेलच असे नाही.

वाक्यरचनेचा भेद त्याहून खोल आहे. मला तहान लागली, मला उकडते, मला घाम आला, मला ऊन लागले या सर्व वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत आहे. ती काही करत नाही, तिला काही होते. इंग्रजीत मात्र तीच व्यक्ती कर्त्याच्या जागी येते : 'आय ॲम थर्स्टी', 'आय ॲम स्वेटिंग'. 'उकडते' या क्रियापदाला मराठीत कर्ताच लागत नाही, तर इंग्रजीला तेथे निरर्थक का होईना 'इट' हवाच. 'टुडे इज व्हेरी हॉट' किंवा नुसतेच 'व्हेरी हॉट टुडे' ही वाक्ये कानावर पडतात ती यामुळे. हा भेद मराठीतून समजावून सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने वर्गातील बहुभाषिकता ही साधनसंपत्ती मानली आहे. विद्यार्थ्याला आपल्या भाषेची घडण दिसली, म्हणजे परभाषेची घडणही दिसू लागते.

'गार' आणि 'थंड' यांच्या निमित्ताने 'कूल' व 'कोल्ड' हा भेदही येथेच उरकून घ्यावा. माठातले पाणी 'कूल' असते, फ्रिजमधले 'कोल्ड'. मिरचीचा तिखटपणा आणि चहाचा कढतपणा दोन्ही 'हॉट' कसे, हा प्रश्न विद्यार्थीच विचारतात.

शब्द नसलेल्या वस्तू

पहिली मोठी कृती शब्दसंग्रहाची आहे, परंतु नेहमीच्या अर्थाने नव्हे. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या उन्हाळ्यातील असे शब्द आणायचे, ज्यांना इंग्रजीत नेमका शब्द नाही किंवा असेल असे त्यांना वाटत नाही. वाळवण, कुरडई, सांडगे, सोऱ्या, आढी, पाड, वाळा, रांजण, पन्हे, आमसूल, झळ, वळीव असे शब्द सहज गोळा होतात. प्रदेशानुसार यादी बदलते. कोकणातील विद्यार्थी फणस-काजूंचे शब्द आणतो, तर विदर्भातील विद्यार्थी मोहफुलांचे. प्रत्येक शब्द चिठ्ठीवर लिहून ती गटातील एकाला द्यायची आणि त्याने मूळ शब्द न उच्चारता ती वस्तू इंग्रजीत अशी वर्णन करायची की इतरांनी ती ओळखावी.

दिसायला हा खेळ आहे. पण शब्द अडला असता वळसा घालून अर्थ पोहोचवण्याचे कौशल्य त्यात घडते. कॅनाल व स्वेन यांनी १९८० मध्ये संप्रेषणक्षमतेचे जे घटक सांगितले, त्यांत या व्यूहात्मक क्षमतेला स्वतंत्र स्थान दिले होते. आपल्या परीक्षांत तिला जवळजवळ काहीच स्थान नाही. 'अ थिंग विच', 'अ प्लेस व्हेअर', 'इट इज मेड ऑफ', 'इट इज यूज्ड फॉर' एवढ्या चार रचना फळ्यावर असल्या, तर इंग्रजीत दुर्बल मानला गेलेला विद्यार्थीही आढीचे वर्णन करू शकतो : एक जागा, जेथे कच्चे आंबे गवतात ठेवून पिकवतात. संबंधी उपवाक्यांचा सराव याहून नैसर्गिक रीतीने घडवून आणणे अवघड आहे.

'पाड' हा शब्द यात मुद्दाम ठेवावा. झाडावर आंबा पिकू लागल्याची ती पहिली खूण इंग्रजीत एका वाक्यात मावत नाही, आणि मावत नाही हे कळणे हाही या कृतीचा भागच आहे. 'वळीव' मात्र मावतो. मोसमी पावसापूर्वीच्या या सरींना भारतातील इंग्रजीत 'मँगो शॉवर्स' हे नाव पूर्वीपासून आहे. इंग्रजीने भारतीय उन्हाळ्यातून घेतलेल्या शब्दांचीही ओळख येथे करून देता येते. 'मँगो' हा शब्द मल्याळममधून पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत गेला. 'पंखा' आणि वाळ्याची 'टट्टी' हे शब्द १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात नोंदलेले आहेत. साहेबाच्या भाषेलाही येथल्या उकाड्यात आपल्याकडचे शब्द उसने घ्यावे लागले, हे ऐकून विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर येणारे समाधान कोणत्याही व्याख्यानातून मिळणारे नव्हे.

कुरडई कोण करते?

प्रक्रियेचे वर्णन हा अनेक विद्यापीठांच्या आवश्यक इंग्रजीच्या अभ्यासक्रमातील नेहमीचा घटक आहे. त्यासाठी सहसा साबण किंवा कागद यांच्या उत्पादनाचे उतारे दिले जातात. कुरडई हे त्याहून चांगले उदाहरण ठरते. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, वरचे पाणी टाकून चीक शिजवायचा, सोऱ्यातून गरम असतानाच घालायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. क्रम नेमका आहे, काळ महत्त्वाचा आहे आणि प्रत्येक पायरीला कारण आहे. ज्यांना ही कृती ठाऊक नाही, त्यांनी घरी आईला, आजीला किंवा शेजारच्या मावशींना विचारून यायचे. विचारणे मराठीत, अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा घरात जी बोली असेल तिच्यात, सांगणे इंग्रजीत. एका भाषेत मिळालेली माहिती दुसऱ्या भाषेत तिसऱ्यापर्यंत पोहोचवणे ही प्रत्यक्ष जीवनातील भाषाव्यवहाराची फार मोठी बाजू आहे. बँकेत, दवाखान्यात किंवा तहसील कार्यालयात हेच विद्यार्थी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ते काम करत असतात.

लेखन तीन टप्प्यांत करून घ्यावे. पहिल्या टप्प्यात पाककृतीप्रमाणे आज्ञार्थी वाक्ये येतात : 'सोक द व्हीट'. दुसऱ्या टप्प्यात तीच वाक्ये कर्मणी प्रयोगात बदलायची : 'द व्हीट इज सोक्ड'. बहुतेक वर्गांत काम येथे संपते. तिसरा टप्पा मात्र टाळू नये. त्यात प्रत्येक कर्मणी वाक्यापुढे 'बाय हूम?' हा प्रश्न लिहायचा आणि उत्तर भरून वाक्य पुन्हा कर्तरी करायचे. तेव्हा 'माय मदर', 'माय ग्रँडमदर', 'माय सिस्टर' हेच कर्ते जवळजवळ प्रत्येक ओळीत येऊ लागतात. पहाटे उठून चीक शिजवणारी, दिवसभर गच्चीवर कावळ्यांना हाकणारी, ऊन उतरताना साड्यांवरचे वाळवण गोळा करणारी व्यक्ती कर्मणी प्रयोगात दिसेनाशी झाली होती, ती कर्तरी प्रयोगात परत येते. शास्त्रीय लेखनात कर्ता का गाळतात आणि गाळल्याने काय हरवते, या दोन्ही गोष्टी व्याकरणाच्या एकाच तासिकेत समजतात. यावर स्वतंत्र भाष्य करण्याची आवश्यकता नाही. वर्गातील मुली ते करतात.

माठ, कूलर आणि उष्णतेची लाट

तर्काची तफावत निर्माण करण्यासाठी माठासारखी दुसरी वस्तू नाही. माठातील पाणी गार का होते? भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. हे कारण इंग्रजीत सांगताना 'बिकॉज', 'सो', 'ॲज अ रिझल्ट' ही जोडकामे लागतात. पुढचा प्रश्न अधिक कस पाहणारा आहे : नागपुरात वाळ्याचा कूलर उत्तम चालतो, मुंबईत का चालत नाही? एका गटाला हवेतील आर्द्रतेची माहिती, दुसऱ्याला बाष्पीभवनाची आणि तिसऱ्याला दोन्ही शहरांच्या हवामानाची अशी विभागून दिली, तर उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना एकमेकांशी बोलावेच लागते. विज्ञान शाखेच्या सहकाऱ्याने अशा तासिकेला दहा मिनिटे उपस्थित राहिल्यास सोन्याहून पिवळे.

अस्सल मजकुराचे वाचन करण्यासाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाची इंग्रजी पत्रके उपयोगी पडतात. भाषा आटोपशीर असते आणि आशय जिवाशी निगडित असतो. उष्णतेच्या लाटेचे विभागाचे निकषच एक चांगला वाचनपाठ आहेत. कमाल तापमान मैदानी प्रदेशात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सियसपर्यंत पोहोचल्याशिवाय लाटेचा विचार होत नाही. त्यानंतर ते सर्वसाधारण तापमानापेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट आणि ६.४ अंशांहून अधिक असल्यास तीव्र लाट मानतात. प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेल्यास लाट आणि ४७ वर गेल्यास तीव्र लाट, असा आणखी एक निकष आहे. वृत्तपत्रातील तापमानाच्या तक्त्यावरून कोणत्या गावाला कोणता शब्द लागू होतो, हे गटांनी ठरवून सकारण सांगावे. 'इफ', 'अनलेस', 'ॲट लीस्ट', 'एक्सीड्स' यांचा वापर येथे टाळताच येत नाही.

याला जोडून सूचनाफलक तयार करण्याची कृती घेता येते. मे २०१० मधील प्राणघातक उष्णतेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा स्वीकारला. दक्षिण आशियातील अशा स्वरूपाचा तो पहिला आराखडा मानला जातो. त्यानंतर महाराष्ट्रातील नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले. त्यांतील सल्ले इंग्रजीत वाचून विद्यार्थ्यांनी आपल्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या फलकासाठी ते मराठीत लिहावेत. 'शुड', 'मस्ट', 'अव्हॉइड' यांच्या छटा मराठीत उतरवताना 'टाळा', 'टाळावे', 'शक्यतो टाळा' यांतील फरकावर जो वाद होतो, तो मताच्या तफावतीचा उत्तम नमुना असतो. दुपारी बारा ते तीन उन्हात काम टाळावे हा सल्ला रोजंदारीवरच्या मजुराला कसा पाळता येईल, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतो. त्याला थांबवू नये. 'कुड', 'मे' आणि 'कॅनॉट' यांची खरी शिकवणी तेथून सुरू होते.

पाणी हा विषयही याच ओघात येतो. 'सिन्स' आणि 'फॉर' यांचा गोंधळ वर्षानुवर्षे घोटवूनही जात नाही. परंतु नळाला किती दिवसांपासून पाणी नाही, टँकर शेवटचा कधी आला, विहीर कोणत्या महिन्यापासून कोरडी आहे, हे सांगताना पूर्ण वर्तमानकाळ ही पुस्तकी गोष्ट राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले. 'जलदूत' या गाडीच्या पहिल्या फेरीत १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले. या घटनेची इंग्रजी व मराठी वृत्ते शेजारी ठेवून कोणत्या वृत्ताने काय आधी सांगितले याची तुलना करता येते. मराठवाड्यातील वर्गात हे वृत्तवाचन राहत नाही, आठवण होते. ज्यांच्या घरात त्या वर्षीची आठवण कटू आहे त्यांना लिहिण्याची सक्ती नसावी.

शेक्सपिअरचा उन्हाळा

वाङ्मयाच्या अध्यापकाला उन्हाळा आणखी एका वाटेने भेटतो. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी अठरावे सुनीत आपल्याकडे अनेक अभ्यासक्रमांत असते. प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातील दिवसाशी करावी काय, असा प्रश्न कवी करतो आणि ती त्याहून सुंदर व सौम्य असल्याचे सांगतो. परभणीच्या किंवा चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला पहिला धक्का येथेच बसतो : एखाद्याला मे महिन्यातील दिवस म्हणणे ही स्तुती कशी? आणि उन्हाळा फार लवकर संपतो ही कवीची खंत तर त्याला थट्टाच वाटते. तळटीप देऊन हा अडसर दूर करण्याची प्रथा आहे. तसे न करता तो तसाच वर्गापुढे ठेवणे हितावह ठरते. ज्या देशात ऊन दुर्मीळ आहे तेथे ते सौंदर्याचे माप होते. मग आपल्याकडे ते माप कोणते? विद्यार्थी पावसाची पहिली सर, चैत्रपालवी, पिंपळाची सावली, माठातले पाणी अशी उत्तरे इंग्रजीत शोधू लागतात. प्रिय व्यक्तीची तुलना यांपैकी कशाशी करता येईल आणि ती त्याहून कोणत्या बाबतीत सरस ठरेल, हे आठ ओळींत लिहिण्याचे काम सुनीताच्या युक्तिवादाची घडण समजावून देते. ती घडण नुसत्या रसग्रहणाने हाती येत नाही.

कालिदासाच्या नावे असलेल्या 'ऋतुसंहार' काव्याचा आरंभच ग्रीष्माने होतो, आणि दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) मध्ये चैत्र-वैशाखाची रूपे बारकाईने टिपलेली आहेत. उन्हाळा केवळ दाहक असतो हा समज ही दोन्ही पुस्तके मोडून काढतात. 'मायेची सावली' आणि 'मायेची ऊब' हे दोन्ही प्रयोग मराठीत नांदतात, तेव्हा इंग्रजांना ऊब प्रिय आणि आपल्याला गारवा, असे सोपे समीकरण वर्गात मांडले जाऊ नये.

सुट्टीचा प्रश्न

'हाऊ डिड यू स्पेंड युअर समर व्हेकेशन' हा प्रश्न वरवर निरुपद्रवी आहे. त्यात सुट्टी मिळाली होती, ती घालवण्याजोगी होती आणि ती सांगण्याजोगी आहे, अशी तीन गृहीतके दडलेली आहेत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत असे कितीतरी विद्यार्थी आहेत, ज्यांचा उन्हाळा लग्नसराईत वाढप्याचे काम करण्यात, बांधकामावर, रसवंतीवर, आंब्याच्या पेट्या भरण्यात किंवा ऊसतोडीहून परतलेल्या आईवडिलांबरोबर शेतात जातो. महाबळेश्वरला जाऊन आलेल्या दोघांचे निबंध वर्गात वाचले गेले की उरलेले विद्यार्थी एक काल्पनिक महाबळेश्वर रचतात. त्यांच्या वह्यांत सारखीच हुबेहूब वाक्ये आढळतात ती नक्कल केल्यामुळेच असे नाही. खरे सांगण्याजोगे नाही, हे त्यांना त्या प्रश्नानेच सांगितलेले असते.

प्रश्न थोडा बदलला की लेखन बदलते. 'या उन्हाळ्यात तुमच्या घरात किंवा शेजारी कोणते काम झाले? ते कोणी आणि कसे केले?' असे विचारल्यास फिरायला गेलेला आणि कामाला गेलेला दोघेही लिहू शकतात. 'किंवा शेजारी' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण स्वतःचे सांगायचे नसेल त्याला त्यांतून वाट मिळते. रसवंतीवर दोन महिने काम केलेला विद्यार्थी गिऱ्हाईक, भाव, बर्फ, सुट्टे पैसे, चरकाची दुरुस्ती यांच्याविषयी लिहितो, तेव्हा त्याचे व्याकरण सदोष असेल. पण त्यात क्रियापदे असतात. काल्पनिक महाबळेश्वरात बहुधा 'एन्जॉइड' हे एकच क्रियापद असते, आणि तेही कर्मावाचून.

अशा लेखनाचे मूल्यमापन कसे करावे, हा रास्त प्रश्न आहे. पहिल्या वाचनात लाल शाई वापरू नये आणि आशयासंबंधी एखादा प्रश्न मार्जिनमध्ये लिहावा, जसे : चरक बिघडला तेव्हा काय केले? विद्यार्थी उत्तर लिहितो आणि मजकूर वाढतो. दुसऱ्या वाचनात एकाच प्रकारच्या चुका, उदाहरणार्थ केवळ भूतकाळाची रूपे, दाखवाव्यात. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात दोनदा वाचणे अशक्य आहे हे खरे. तेथे दहा-दहांचे गट करून प्रत्येक गटाचा एकच मजकूर घ्यावा आणि गटप्रमुख दर वेळी बदलावा. पूर्ण न्याय यातही होत नाही.

वेळेविषयी

या सर्व कृती केव्हा घ्याव्यात, यालाही महत्त्व आहे. मार्चमध्ये अभ्यासक्रम संपवण्याची घाई, परीक्षेचे सावट आणि दुपारच्या तासिकेला पत्र्याखाली किंवा बंद पंख्याखाली बसलेला वर्ग. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या दिवसांत माठ, सावली आणि हवामान-पत्रक यांसारख्या समोर दिसणाऱ्या गोष्टींच्या छोट्या कृती घ्याव्यात. वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ यांना त्या पोषक असतात. वाळवण, काम आणि सुट्टी यांवरील दीर्घ लेखन नव्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावे. तेव्हा उन्हाळा नुकताच सरलेला असतो, विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे साठलेले असते आणि भूतकाळाची रूपे त्याला खरोखर हवी असतात. नव्या वर्गाची अध्यापकाशी ओळखही त्यातूनच होते.

एक व्यावहारिक प्रश्न या कृतींच्या अखेरीस हमखास उभा राहतो. विद्यार्थ्यांचे निवडक लेखन महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापताना 'कुरडई', 'आढी', 'वळीव' हे शब्द इंग्रजी मजकुरात तसेच ठेवायचे, तिरप्या टंकात द्यायचे, की कंसात त्यांचा अर्थ लिहायचा? ब्रज कच्रू यांनी 'द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश' (१९८३) मध्ये ज्या प्रक्रियेचे विवेचन केले, तिचाच हा घरगुती नमुना आहे. हा निर्णय संपादक-प्राध्यापकाने परस्पर न घेता लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांवर सोपवावा. काहींना अर्थ द्यावासा वाटेल, काहींना वाटणार नाही, आणि एकाच अंकात दोन्ही प्रकार शेजारी छापले गेल्याने काही बिघडत नाही.